हिरडा, आवळा, अर्जुन... फिनॉल तपासायला देण्याआधी हे वाचा

आमच्या लॅबमध्ये चूर्णवाले येतात, फार्मसीची पोरं येतात, बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, "टोटल फिनॉल किती निघेल?" (फिनॉल म्हणजे वनस्पतीतली एका प्रकारची संयुगं, टॅनिनही त्यातलंच.) निघेल की! फोलिन-सिओकाल्टो टेस्ट लावली की निळा रंग येतो, तो 765 नॅनोमीटरवर मोजायचा आणि गॅलिक अ‍ॅसिडच्या हिशेबात लिहायचा (हे एक साधं फिनॉल, मापाला धरलेलं), झालं. पण ही नुसती बेरीज आहे, आत कोणकोणती फिनॉलं आहेत ते यातून कळत नाही. आवळा असेल तर जास्तच सांभाळा, कारण व्हिटॅमिन सी पण याच टेस्टमध्ये रंग देतं, आकडा फुगतो, पाकिटावर छापायला मस्त दिसतो आणि खरा नसतो.

नावं हवी असतील तर काम लांबतं. पावडरीतला तेलकट भाग आधी हेक्झेननं काढायचा, मग 70-80 टक्के मिथेनॉलमध्ये भिजवायची (टॅनिनवाला माल असेल तर पाणी मिसळलेलं अ‍ॅसिटोन बरं पडतं), गाळून रोटाव्हॅपरवर (हवेचा दाब कमी करून द्रावक उडवणारं यंत्र) कमी तापमानात आटवायचं, आणि इथिल अ‍ॅसिटेटनं फिनॉल ओढून घ्यायचे. पुढे सेफाडेक्सचा कॉलम (जेल भरलेली नळी, तिच्यातून घटक वेगवेगळ्या वेळी उतरतात), एकेक फ्रॅक्शनची, म्हणजे उतरलेल्या भागाची, टीएलसी (प्लेटवर घटक ठिपक्यांत वेगळे करणं), सारखे ठिपके दिसले ते एकत्र, की परत कॉलम, इथे "उद्या द्या ना" चालत नाही. एचपीएलसीत (दाबाखाली कॉलममधून घटक वेगळे करणारं यंत्र) पीक स्टँडर्डच्याच, म्हणजे माहीत असलेल्या शुद्ध नमुन्याच्याच, वेळेला आलं एवढ्यावर आम्ही नाव लिहून देत नाही, यूव्ही स्पेक्ट्रम (कोणता प्रकाश शोषतो ते) जुळावा लागतो, मासमध्येही (रेणूचं वजन मोजणारं यंत्र) दिसावं लागतं. गॅलिक अ‍ॅसिड निगेटिव्ह मोडला (रेणूवर ऋण भार देऊन) 169 वजनावर येतं, तुटलं की 125. ओळखच पटत नसेल तर एनएमआर (चुंबकाच्या मदतीनं रेणूची रचना बघणं), ते बाहेरून करून आणतो, चार्ज वेगळा.

हिरड्याचा काढा करून आणू नका, सुका हिरडाच आणा. त्यातलं मोठं टॅनिन, चेब्युलॅजिक अ‍ॅसिड उकळताना तुटतं, गॅलिक आणि एलॅजिक वाढतं, मग रिपोर्ट फळाचा न राहता तुमच्या गॅसच्या शेगडीचा होतो.

माल सावलीत वाळवलेला हवा, मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर पत्र्यावर टाकलेला नको. इतवारी बाजारातून अर्जुनासारखी साल घेतली असेल तर झाड नक्की कोणतं ते आधी वनस्पतीशास्त्रवाल्यांकडून लिहून आणा, पानफुलासकट फांदी मिळाली तर उत्तमच. नुसत्या टेस्टला 50 ग्रॅम पुरे, फिनॉल वेगळं काढून हवं असेल तर किलोभर तरी आणा, कारण शेवटी हातात बरेचदा मिलिग्रॅमच येतात.