पार्श्वभूमी: मागे न सरकणारी कातडी आणि ‘फायमोसिस’ या शब्दाचा घोळ

मुलाच्या शिश्नाची पुढची कातडी मागे सरकत नाही, ही तक्रार घेऊन बालशल्यचिकित्सकाकडे येणाऱ्या अनेक पालकांच्या हातातील चिठ्ठीवर ‘फायमोसिस’ हे निदान आधीच लिहिलेले असते. तपासणीअंती त्यांतील बऱ्याच मुलांमध्ये आजार असा काही आढळत नाही. एकच शब्द निरोगी मुलालाही लागू होतो आणि आजारी मुलालाही, हे कसे घडले याचा मागोवा घेतल्याशिवाय कोणत्या मुलाला उपचारांची गरज आहे हे नीट सांगता येत नाही.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मुसके घालणे असा आहे. बैलाच्या तोंडाला मुसके घालावे तसे कातडीचे तोंड आवळलेले असणे, इतकेच वर्णन त्यात आहे आणि कारणाचा उल्लेख नाही. आपल्याकडील सुश्रुतसंहितेत याच अवस्थेला ‘निरुद्धप्रकश’ म्हटले आहे, पण तिथला रोख वेगळा आहे. कातडीने मणी (शिश्नाचे गोलसर टोक, शिश्नमुंड) झाकला जाऊन मूत्राचा मार्ग अडतो आणि लघवीची धार मंद होते, असे तिथले लक्षण आहे. म्हणजे कातडी मागे जाते की नाही यावरून नव्हे, तर लघवी नीट होते की नाही यावरून रोग ठरवला होता. उपचारही त्याला धरूनच आहे: दोन्ही टोके उघडी असलेली, तूप लावलेली नळी छिद्रात बसवायची आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरायची. मागे ओढलेली कातडी मण्याच्या मागे अडकून सुजण्याला तिथे ‘परिवर्तिका’ असे स्वतंत्र नाव आहे. पुढे आधुनिक परिभाषेत जी सरमिसळ झाली, ती या वर्गीकरणात नव्हती, हे नोंदवण्याजोगे आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत या शब्दाची व्याप्ती अफाट वाढली. १८७० मध्ये न्यूयॉर्कमधील एका नामांकित अस्थिशल्यचिकित्सकाने पाच वर्षांच्या मुलाच्या पायांच्या लुळेपणाचे खापर त्याच्या घट्ट कातडीवर फोडले आणि सुंता करून तो बरा झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर अपस्मारापासून हस्तमैथुनापर्यंत अनेक गोष्टींशी या कातडीचा संबंध जोडण्यात आला, आणि धार्मिक प्रथेशी काहीही नाते नसलेल्या घरांतही सुंता हा वैद्यकीय शिरस्ता बनला. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये साधारणपणे तीनपैकी एका मुलाची सुंता होत असे, असा अंदाज आहे.

या शिरस्त्याला पहिला मोठा धक्का १९४९ मध्ये बसला. एका ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने नवजात आणि लहान मुलांची तपासणी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. जन्मतः केवळ ४ टक्के मुलांची कातडी पूर्ण मागे जात होती. सहाव्या महिन्यात हे प्रमाण २० टक्के, पहिल्या वर्षअखेर ५०, दोन वर्षांनी ८० आणि तीन वर्षांनी ९० टक्के असल्याचे त्याला आढळले. कातडीचा आतला थर आणि शिश्नमुंडावरील थर गर्भावस्थेत एकसंध असतात आणि ते जन्मानंतर सावकाश विलग होतात, त्यामुळे तान्ह्या मुलाच्या बाबतीत फायमोसिस हे निदानच अर्थहीन ठरते, असा त्याचा युक्तिवाद होता. या शस्त्रक्रियेमुळे इंग्लंड आणि वेल्समध्ये दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे १६ मुले दगावतात, हेही त्याने दाखवून दिले. सरकारी आरोग्यसेवा नुकतीच सुरू झालेली होती, आणि पुढील काही दशकांत तिथले सुंतेचे प्रमाण झपाट्याने घसरले.

परंतु याच लेखातून पुढचा गोंधळही उभा राहिला. तीन वर्षांच्या ९० टक्के मुलांची कातडी मागे जाते, हा आकडा एक निरीक्षण म्हणून न वाचता मुदत म्हणून वाचला गेला, आणि चौथ्या वर्षात पदार्पण केलेला, कातडी अजून न सरकणारा प्रत्येक मुलगा ‘रोगी’ ठरू लागला. तो आकडाही फारच आशावादी होता. १९६८ मध्ये डेन्मार्कमधील शाळकरी मुलांच्या अनेक वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सहा-सात वर्षांच्या ६३ टक्के मुलांमध्ये कातडी आतून कुठे ना कुठे चिकटलेली आढळली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमध्ये हेच प्रमाण ३ टक्के होते. कातडीचे तोंड अरुंद असण्याचे प्रमाणही त्याच वयोगटांत ८ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले होते. शरीराला हवा तेवढा वेळ दिला की काम आपोआप होते, हे यावरून स्पष्ट झाले. तरीही पाठ्यपुस्तकांत आणि त्याहून अधिक डॉक्टरांच्या सवयीत तीन वर्षांचीच मर्यादा बराच काळ टिकून राहिली.

१९८० च्या दशकात इंग्लंडमधील बालशल्यचिकित्सकांनी या शब्दाची फोड करण्याचा प्रयत्न केला. कातडीचे टोक पांढुरके, कडक आणि व्रणयुक्त झालेले असेल तरच खरा फायमोसिस म्हणावे, आणि मऊ, लवचिक पण न सरकणाऱ्या कातडीला ते नावच देऊ नये, अशी त्यांची मांडणी होती. या कडक कातडीमागे बहुधा लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा दाहविकार असतो, आणि तो पाच वर्षांखालील मुलांत क्वचितच दिसतो. ही काटेकोर व्याख्या लावली, तर वयाची पंधरा वर्षे पूर्ण होईपर्यंत केवळ ०.६ टक्के मुलांना खरा फायमोसिस होतो, असे १९९९ मधील इंग्लंडमधील एका अभ्यासात दिसले. मात्र शब्द बदलण्याऐवजी ‘शारीरधर्मी’ (शरीराच्या नैसर्गिक वाढीचा भाग असलेला) आणि ‘विकारजन्य’ अशी विशेषणे जोडण्याची तडजोड झाली, आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात विशेषणेच आधी गळून पडतात. १९९० मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तर लांब कातडी, फायमोसिस आणि तातडीची अडकलेली कातडी या तिघांना एकाच संकेतांकाखाली बसवले होते. प्रस्तुत लेखकाच्या मते निरोगी मुलाच्या कागदांवर हा शब्द येऊच नये.

१९९० च्या दशकापासून स्टेरॉइडयुक्त मलमाचा पर्याय पुढे आला. कातडीच्या अरुंद टोकावर काही आठवडे मलम लावल्यास बहुसंख्य मुलांत ती सैल होते, त्यामुळे शस्त्रक्रियेचा विचार आता बराच मागे ढकलला गेला आहे. आपल्या घरांत मात्र एक जुनी सवय अजून दिसते: आंघोळीच्या वेळी तेल लावून रोज थोडी थोडी कातडी मागे ओढणे. जोर लावल्याने कातडीला बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतो, आणि नसलेला आजार खरोखर तयार होऊ शकतो. बाहेरून पाण्याने धुणे पुरेसे असते. लघवी करताना कातडी क्षणभर फुग्यासारखी फुगणे किंवा तिच्याखाली पांढरट मऊ गुठळी दिसणे हीदेखील थर विलग होत असल्याचीच चिन्हे असतात. धार अडखळत असेल, वरचेवर सूज आणि पू होत असेल किंवा टोक पांढरे आणि कडक होत असेल, तर मात्र दाखवावे. मागे गेलेली कातडी पुढे येत नसेल आणि शिश्नमुंड सुजू लागले असेल, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

वृषणांच्या बाबतीत इतिहास नेमका उलट्या दिशेने गेला आहे. न उतरलेल्या वृषणासाठी पूर्वी शाळकरी वयापर्यंत, क्वचित वयात येईपर्यंतही वाट पाहिली जाई. पुढे प्रजननक्षमतेवर आणि कर्करोगाच्या जोखमीवर होणारा परिणाम लक्षात आल्यावर ही मुदत सतत कमी होत गेली. आता सहा महिन्यांनंतरही वृषण पिशवीत नसेल तर शल्यचिकित्सकाकडे पाठवावे आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, असे सांगितले जाते. थंडीने वर चढणारे आणि ऊब मिळताच खाली येणारे वृषण यात मोडत नाही, पण त्यावरही वाढीच्या वयात लक्ष ठेवावे लागते. एक वृषण, बहुधा डावे, थोडे खाली असणे सर्वसामान्य आहे. शिश्नमुंडाच्या कडेने दिसणारी बारीक पुटकुळ्यांची रांग आणि कातडीवरचे पिवळसर ठिपके हेही निरुपद्रवी असतात, तरी त्यांना गुप्तरोग समजून घाबरलेले तरुण नेहमी भेटतात. याउलट वृषणात एकाएकी तीव्र वेदना सुरू झाल्यास पीळ पडलेला असू शकतो. तो साधारण सहा तासांत सोडवला गेला तरच वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यामुळे लाजेपोटी रात्र काढणे महागात पडते. वृषणातील न दुखणारी कडक गाठही तपासून घ्यावी लागते.

प्रौढांचा प्रश्न वेगळा आहे. आयुष्यभर सहज सरकणारी कातडी चाळिशी-पन्नाशीत घट्ट होऊ लागली आणि तिच्या कडेला वरचेवर चिरा पडू लागल्या, तर त्याला ‘शारीरधर्मी’ म्हणता येत नाही. अशा पुरुषांपैकी अनेकांना आपल्याला मधुमेह असल्याचे याच तक्रारीमुळे पहिल्यांदा कळते, आणि म्हणून मलम लिहून देण्यापूर्वी रक्तातील साखर तपासली जाते.