माळ, कळणा आणि भरीत : खान्देशातील मांसाहार-त्यागाची पार्श्वभूमी

खान्देशात एखाद्याने मटण-मासे खाणे थांबवले की लोक ‘तो शाकाहारी झाला’ असे क्वचितच म्हणतात. ‘त्याने वशट सोडलं’ किंवा ‘त्याने माळ घातली’ असेच गावात बोलले जाते. पहिल्या बोलण्यात काय सोडले ते आहे आणि दुसऱ्यात कशासाठी सोडले ते आहे. आज रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन किंवा प्राण्यांविषयीची कणव अशा कारणांनी मांसाहार सोडणारे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत दिसतात, आणि ‘मग आता खायचं काय?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. या प्रश्नाची उत्तरे इथल्या शेतांनी, पंथांनी आणि चुलींनी गेल्या अनेक शतकांत दिलेली आहेत. ती कशी घडत गेली हे समजल्याशिवाय आजच्या ताटात काय कमी पडते हे नीट कळत नाही, असे मला वाटते.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. तापी, गिरणा, पांझरा आणि बोरी यांच्या काठची काळी कसदार जमीन ज्वारीची, कापसाची आणि कडधान्यांची आहे, तर पश्चिमेकडे साक्री आणि शिंदखेड्याच्या हलक्या रानात बाजरीचा जोर आहे. शेतकरी एकच पीक शेतभर लावत नसे. ज्वारीच्या किंवा कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची, उडदाची, मुगाची, मटकीची ओळ यायची, त्यामुळे पिकाबरोबर घरची डाळही आपोआप निघायची. मटण हे जत्रेचे, नवसाचे, पाहुण्याचे आणि आखाडातले अन्न होते. रोजच्या कष्टाला लागणारे बळ खाणाऱ्या घरांतसुद्धा मुख्यतः भाकरी आणि डाळीतूनच येत होते. मांसाहार सोडणाऱ्याला इथे नवे जेवण शिकावे लागले नाही याचे कारण हेच, की आठवड्यातले सहा दिवस त्याचे ताट आधीपासूनच तसे होते.

या ताटातली सर्वांत शहाणपणाची वस्तू कोणती, असे मला विचारले तर मी कळण्याची भाकरी म्हणेन. ज्वारीत सालासकट उडीद मिसळून जे धान्य दळले जाते तो कळणा. माझ्या आजोळी, यावल तालुक्यात, चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद असे प्रमाण होते. घरागणिक ते थोडे बदलते. धान्य निवडून झाले की त्यातच खडे मीठ टाकून डबा गिरणीवर जायचा, म्हणून या पिठाला मळताना वेगळे मीठ लागत नसे. उडदाच्या सालीमुळे भाकरीवर करडी-काळपट झाक येते, उडदाच्या चिकटपणामुळे ती थापताना ज्वारीच्या भाकरीइतकी चिरत नाही, आणि तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की तिचा खमंग वास ओसरीपर्यंत येतो. आजी तिच्यासोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चे तेल आणि एक कांदा एवढेच वाढायची.

ही भाकरी पोषणाच्या हिशेबात कशी बसते हे विसाव्या शतकात उमगले. ज्वारीत सुमारे १० टक्के प्रथिने असतात, पण त्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. उडदाच्या डाळीत सुमारे २३ टक्के प्रथिने असतात आणि लायसिन भरपूर असते, मात्र मेथिओनिन कमी पडते, जे ज्वारीत त्या मानाने बरे असते. दोघांची उणीव दोघे भरून काढतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संशोधन परंपरेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली दख्खनमधील ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग आढळतो याकडे लक्ष वेधले आणि त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या अधिक प्रमाणाशी जोडला. म्हणजे नुसती ज्वारी खाऊन भागत नाही. तिच्यासोबत डाळ, शेंगदाणे, ताक आणि भाजी हवी. पेलाग्रा ज्या नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावी होतो, ते शेंगदाण्यात विपुल असते, आणि खान्देशी स्वयंपाकात शेंगदाण्याचा कूट नाही अशी रस्साभाजी शोधावी लागेल. अर्थात शेंगदाणा काही पुरातन काळापासून इथे नव्हता. तो आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीज काळात व त्यानंतर भारतात आले. आज ज्याला आपण अस्सल खान्देशी चव म्हणतो, तिचा बराच भाग त्या मानाने अलीकडचा आहे.

धान्याने सोय केली, तर पंथांनी कारण दिले. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने अहिंसा आचारात आणली. या पंथाची उपदेश घेतलेली माणसे मांस आणि मद्य दोन्ही वर्ज्य मानतात, आणि खान्देशात त्यांची मंदिरे व आश्रम आजही नांदते आहेत. त्याच शतकाच्या अखेरीस, १२९७ साली, संत मुक्ताबाई तापीकाठी मेहुणच्या परिसरात अंतर्धान पावल्या अशी परंपरा आहे. त्यांच्या नावावरून एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, आणि तिथल्या कोथळीहून निघणारी मुक्ताईची पालखी महिनाभर चालून आषाढीला पंढरपुरात पोचते. या वारीने खान्देशातल्या शेतकरी, माळी, कोळी, शिंपी अशा अनेक समाजांत तुळशीची माळ पोचवली. माळ घातलेल्या माणसाने वशट खायचे नाही, हा नियम कोणी लिहून दिलेला नसला तरी सगळे गाव तो जाणते. एकाच घरात सासरे माळकरी आणि मुलगा खाणारा असे असले, तर मटणाची चूल अंगणात मांडली जाते आणि त्या दिवशी सासऱ्यांचे ताट आधी वाढले जाते. मला यात मोठा समंजसपणा दिसतो, कारण माळ घालणाऱ्याने दुसऱ्याच्या ताटावर हक्क सांगितला नाही आणि न घालणाऱ्यानेही त्याची चेष्टा केली नाही.

व्यापाराच्या निमित्ताने आलेले मारवाडी आणि गुजराती जैन जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा या बाजारपेठांत स्थिरावले, त्यांचाही परिणाम झाला. पूर्व खान्देशातील लेवा पाटीदार समाजात मांसाहार न करण्याची रीत जुनी आहे, आणि त्यातल्या अनेक घरांत एकोणिसाव्या शतकापासून स्वामिनारायण संप्रदायाची कंठीही, म्हणजे दीक्षेची माळही, आली. सावदा, फैजपूर, भुसावळ या भागात त्याची मंदिरे आहेत. या समाजाच्या मोठ्या पंगतीत वरणबट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी असते. हजार माणसे जेवतात, आणि त्या जेवणात काही उणे आहे असे कोणालाच वाटत नाही.

मात्र मांस सोडण्याचा सर्वांत हलवून टाकणारा इतिहास सुखवस्तू घरांचा नाही, तो आदिवासींचा आहे, आणि शाकाहाराविषयी लिहिताना तो बहुधा वगळला जातो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी मोहाची दारू गाळण्यावर बंदी आली आणि आदिवासींना परवानाधारक गुत्त्यावरूनच दारू विकत घेणे भाग पडले. गुत्तेदार आणि सावकार यांच्या कर्जात जमिनी जाऊ लागल्या. अशा काळात, १९२२ च्या अखेरीस, पालघरच्या किनारपट्टीकडून निघालेली देवीची लाट नाशिक, डांग आणि सुरतेचा प्रदेश ओलांडत पश्चिम खान्देशातील आदिवासी गावांपर्यंत आली. मांडवाखाली माणसे जमत, कोणाच्या तरी अंगात देवी येई आणि तिच्या आज्ञा सांगितल्या जात : दारू व ताडी बंद करा, मांस-मासळी सोडा, रोज आंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, गुत्तेदारांकडे कामाला जाऊ नका. लोकांनी कोंबड्या आणि बकऱ्या विकून टाकल्या किंवा सोडून दिल्या. पुढे या आज्ञांत गांधीजींचे नाव आणि सूतकताईही आली.

त्यानंतर पंधराएक वर्षांनी तळोदा भागात गुला महाराजांनी भिल्ल समाजात असाच उपदेश केला. दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा आणि भेटल्यावर एकमेकांना ‘आप की जय’ म्हणा, असे ते सांगत. १९३८ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते काम पुढे चालवले. ज्या माणसाला गावात कोणी ‘आप’ म्हणून हाक मारली नव्हती त्याला तो शब्द मिळाला, ही साधी गोष्ट नाही. या चळवळींकडे केवळ वरच्या जातींचे अनुकरण म्हणून पाहणे मला पटत नाही. दारू सोडल्याने कर्ज थांबले, आणि मांस सोडणे ही त्या निग्रहाची सर्वांना दिसणारी खूण होती. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की सातपुड्यातल्या माणसाला नदीतले मासे, खेकडे आणि रानातली शिकार यांतून जी प्रथिने मिळत, ती सोडल्यावर त्यांच्या जागी तितकी डाळ विकत घेण्याची ऐपत सर्वांची नव्हती. अनेक गावांत लोक काही काळाने जुन्या अन्नाकडे परतले. त्यांना दोष देण्याचे काही कारण नाही.

व्रत आधी आणि पोषणाचा विचार नंतर, हा क्रम फक्त खान्देशाचा नाही. मोहनदास गांधी १८८८ साली लंडनला गेले तेव्हा मांसाला शिवणार नाही हे वचन त्यांनी आईला दिले होते. शाकाहारावरचे युक्तिवाद त्यांनी तिथे गेल्यावर वाचले. इंग्लंडमध्ये शाकाहारी संस्थेची स्थापना १८४७ साली झाली होती. दूध-तूपही वर्ज्य करणाऱ्यांची वेगळी संस्था १९४४ साली निघाली, आणि ब-१२ हे जीवनसत्त्व वेगळे काढण्यात शास्त्रज्ञांना यश आले ते १९४८ साली. ही शेवटची तारीख मांसाहार सोडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी, कारण ब-१२ डाळीत, भाजीत किंवा धान्यात मिळत नाही. खान्देशातल्या माळकऱ्याला ते दुधा-दह्या-ताकातून थोडेफार मिळत गेले. त्याच्या दावणीला म्हैस होती, म्हणून त्याचे निभावले.

चवीच्या अंगाने पाहिले तर खान्देशाने एक गोष्ट फार पूर्वीच साधली. सुके खोबरे आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजून, त्यात लसूण आणि गरम मसाला वाटून जो काळा मसाला होतो, तोच मटणाच्या रश्शात पडतो आणि तोच पातोडीच्या, डुबुकवड्यांच्या व शेवभाजीच्या रश्शातही पडतो. बेसनाच्या वड्या त्या तर्रीत शिजल्या की वशट सोडलेल्या माणसाला रविवारी काही चुकल्यासारखे वाटत नाही. भरताची गोष्ट याहून निराळी आहे, त्यात मसाला जवळजवळ नाहीच. बामणोद, भालोद, असोदा या भागातली हिरवी-पांढरी, मोठी, कमी बियांची वांगी शेतातच कापसाच्या पऱ्हाटीवर किंवा तुरीच्या काड्यांवर भाजतात. साल काळी होऊन फुटली की ती हातानेच सोलायची, गर लाकडी खोलगट भांड्यात घालून ठेचायचा, आणि मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर तेलात परतून त्यात मिसळायची. जळगावच्या या भरीत वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. थंडीत शेतावर भरताची पंगत बसते तेव्हा खाणारे आणि न खाणारे शेजारी-शेजारी बसतात, आणि ताटातली कळण्याची पुरी किंवा भाकरी दोघांची एकच असते.

हे ताट गेल्या साठ वर्षांत बदलले. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण आले, उत्पादन वाढले, पण त्या भाकरीला जुन्या ज्वारीची चव नाही अशी तक्रार घरोघर झाली. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावरच्या मजुरांनी सुकडी हे तिथे वाटले जाणारे कोरडे खाद्य आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. पुढे रेशनवर गहू मिळू लागला आणि पोळी ही सुस्थितीची खूण झाली. २००२ नंतर बीटी कापूस सर्वत्र पसरला, बागायतीत केळी वाढली, आणि माझ्या पाहण्यात तरी उडदा-मुगाच्या आंतरपिकाच्या ओळी विरळ होत गेल्या. डाळ शेतातून येत होती ती दुकानातून येऊ लागली, आणि दुकानातून आली की ती मोजून वापरली जाते.

म्हणून आज मांस सोडणारा माणूस आजोबांसारखाच शाकाहारी होतो असे धरून चालता येत नाही. आजोबांच्या ताटात कळणा, उडदाची डाळ, अंबाडीची किंवा तांदुळजाची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक होते. नातवाच्या ताटात पोळी, बटाटा आणि विकतची शेव असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाकाठी २००० उष्मांकांच्या आहारासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम कडधान्ये, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ४०० ग्रॅम भाज्या आणि ३५ ग्रॅम तेलबिया व सुकामेवा असे प्रमाण सांगितले आहे. ८५ ग्रॅम कोरडी डाळ म्हणजे दोन वेळच्या पातळ वरणात मावणारी गोष्ट नाही. ती गाठायची तर कळण्याच्या पिठातला उडीद, घट्ट घोटलेली उडदाची डाळ, मोड आलेली मटकी आणि पातोडीचे बेसन यांची रोजची वाटणी करावी लागते. हिरव्या भाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला की कमी होते. दूधही सोडणार असाल, किंवा वय झाले असेल, तर ब-१२ रक्तात तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी, त्याला पर्याय नाही.

आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याकडे आता कळण्याचे डबे थोडेच येतात. गव्हाच्या दळणात काळे पीठ मिसळू नये म्हणून तो ते दिवसाच्या शेवटी घेतो. मागच्या थंडीत एका बाईंनी नवऱ्याने मटण सोडल्याचे सांगून त्याला उडदाचे प्रमाण विचारले. त्याने पायलीचे माप हातात घेतले, ज्वारी चार वेळा आणि उडीद एक वेळा असे हवेतच मोजून दाखवले, आणि म्हणाला, ‘मीठ विसरू नका, अन् उडीद सालाचाच आणा.’