सप्त्याच्या 264 फायली

परभणीकडच्या कुठल्याही गावात सप्ता संपला, की काल्याचा प्रसाद खाऊन होतो न होतो तोच लोक विचारायला लागतात, "महाराजांचं कीर्तन यूट्यूबवर कधी येणार?" मोंढ्याच्या मागे माझ्या एका मित्राचा एका खोलीचा स्टुडिओ आहे. त्याला हा फोन दिवसातून दहा वेळा येतो आणि दर वेळी तो "एडिटिंग चालू आहे" म्हणतो. खरं तर एडिटिंगला हातही लागलेला नसतो. गडी फायली शोधत बसलेला असतो.

आता हिशेब बघा. सात रात्रींची सात कीर्तनं आणि आठव्या दिवशी काल्याचं. प्रत्येक दोन तासांचं, त्यावर तीन कॅमेरे. म्हणजे 48 तासांचं चित्रण. 50 मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने एका तासाला साडेबावीस जीबी लागतात, म्हणून सगळं मिळून 1,080 जीबी. एक टीबीची डिस्क भरून वर उरतंच. शिवाय फॅट32 नावाच्या जुन्या पद्धतीत एक फाईल 4 जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. मोठ्या कार्डावरही हाच शिरस्ता पाळणारे कॅमेरे आहेत, आणि मित्राचे तिन्ही त्यातलेच. दर साडेअकरा मिनिटांनी कॅमेरा गुपचूप नवी फाईल सुरू करतो. एका कीर्तनाच्या एका कॅमेऱ्यावर 11 फायली, सगळ्या मिळून 264.

त्यात कार्ड फॉर्मॅट केलं की नावांची मोजणी पुन्हा एकपासून. म्हणजे आठ कीर्तनं, तीन कॅमेरे, तंतोतंत एकाच नावाच्या 24 फायली. एकदा मदतीला म्हणून मी बसलो होतो, रात्रीचे दोन वाजलेले. कॉम्प्युटरने विचारलं, जुनी फाईल बदलू का? मी झोपेत 'हो' दाबलं. त्या कीर्तनाची पहिली साडेअकरा मिनिटं एका कॅमेऱ्यापुरती कायमची गेली. मित्र अजून ते काढतो.

"कॉम्प्युटर स्लो आहे, नवा घ्यावा लागतो," हे त्याचं पालुपद. पण एडिटिंग सॉफ्टवेअरच्या खिडकीत क्लिपांची छोटी चित्रं उमटायला वेळ का लागतो, ते आधी समजून घेऊ. कॅमेरा सेकंदाला 25 चित्रं घेतो, पण सगळी पूर्ण साठवत नाही. एच.264 या चित्रण दाबून लहान करायच्या, 2003 पासूनच्या पद्धतीत साधारण अर्ध्या-एक सेकंदाला एक चित्र पूर्ण लिहिलं जातं. मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढीच नोंद असते. कीर्तनात मागचा फ्लेक्स हलत नाही, मंडप हलत नाही. हलतात ते महाराजांचे हात आणि टाळकऱ्यांचे टाळ. म्हणून फाईल लहान होते. पण याची किंमत नंतर मोजावी लागते. मधलंच एखादं चित्र हवं असेल, तर सॉफ्टवेअरला आधीच्या पूर्ण चित्रापर्यंत मागे जाऊन तिथून पुढचे बदल लावत यावं लागतं. आपण माऊस क्लिपवरून भराभर फिरवतो, तेव्हा हीच कसरत सेकंदाला अनेकदा चाललेली असते.

दुसरी अडचण डिस्कची. मिनिटाला 7,200 फेरे म्हणजे सेकंदाला 120. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, चार मिलिसेकंद. सुईचा दांडा हलायला आणखी आठ-नऊ. म्हणजे सेकंदाला फार तर ऐंशीएक उड्या. सलग वाचायला हीच डिस्क चांगली पळते, पण 264 ठिकाणी उड्या मारायला लावलं की दमते. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे उडीला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही. पण एक टीबीचं सगळं चित्रण तिच्यावर ठेवायची गरजही नाही. तिथे फक्त कॅश ठेवायचा. एकदा काढलेली छोटी चित्रं, आवाजाच्या रेघा सॉफ्टवेअर त्यात जपून ठेवतं, म्हणजे पुन्हा मूळ फाईल उघडावी लागत नाही. आमचा गडी मात्र जागा कमी पडली की आधी कॅश उडवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडायचा.

मोंढ्यात सोयाबीनचं पोतं कुणी रिकामं करून बघत नाही. सळई खुपसून मूठभर दाणे काढतात आणि त्यावरून माल जोखतात. प्रॉक्सी, म्हणजे मूळ चित्रणाची हलकी, छोटी नक्कल, ती म्हणजे तेच. 3840 बाय 2160 च्या चित्रात जवळपास 83 लाख ठिपके असतात. 960 बाय 540 च्या नमुन्यात सव्वापाच लाखही नाहीत, म्हणजे सोळावा हिस्सा. शिवाय प्रॉक्सी अशा पद्धतीत करता येते, की प्रत्येक चित्र पूर्ण असतं, मागे जाण्याची भानगडच नाही. निवड नमुन्यावर करायची, शेवटी बाहेर काढताना सॉफ्टवेअर मूळ माल वापरतं. हे काम रात्रभर लावून द्यावं. लाईट गेली नाही तर सकाळी तयार.

फोल्डरचं काम मात्र सॉफ्टवेअर उघडायच्या आधी उरकलेलं बरं. सॉफ्टवेअर फाईल पोटात घेत नाही, फक्त तिचा पत्ता लिहून ठेवतं. नंतर फोल्डरचं नाव बदललं की पत्ता चुकतो आणि पडद्यावर 'मीडिया ऑफलाईन' झळकतं. नावात आधी साल, मग महिना, दिवस, रात्र, कॅमेरा. आकड्यांआधी शून्य हवं, 3 नव्हे 03. कारण साध्या क्रमवारीत अक्षर अक्षर जुळवून पाहिलं जातं आणि 10 हा 2 च्या आधी येऊन बसतो.

आता निवड. बहुतेक जण चांगलं काय ते शोधत जातात. मला उलट जमतं: पहिल्या फेरीत फक्त नको ते बाजूला. कॅमेरा चालू राहिलेला, जमिनीचं चित्रण, कुणाची तरी पाठ. फायनल कट प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नापसंतीला डिलीट आणि पसंतीला एफ, एवढ्या दोन कळा. नापसंत केलेली क्लिप पुसली जात नाही, फक्त नजरेआड होते. कळाच का? पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये दाखवलं, की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं बारीक, तितका हात तिथे न्यायला जास्त वेळ लागतो. माऊसने बारक्या चौकटी गाठण्यापेक्षा जे, के, एल वर ठेवलेली बोटं केव्हाही पुढे. मागे, थांबा, पुढे. बाजूलाच आय आणि ओ, तुकड्याची सुरुवात आणि शेवट.

तीन कॅमेरे आवाजावरून आपोआप जुळवता येतात. एक आवाज दुसऱ्यावर सरकवत जायचं आणि सगळ्यात जास्त कुठे जुळतो ते बघायचं. भाषणाला हे छान चालतं. पण गजर रंगात आला की टाळ-मृदंगाचा ठेका तोच तोच येतो, आणि सॉफ्टवेअर कधीकधी एक आवर्तन पुढे-मागे चिकटवून मोकळं होतं. म्हणून जुळवणीसाठी निरूपणाचा भाग निवडावा.

मागच्या सप्त्यात आम्ही तिन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं मोबाईलशी मिळवली आणि नववीतल्या एका पोराला वही देऊन पेटीवाल्याच्या मागे बसवलं. त्याने लिहिलं होतं, '9.47 सासू-सुनेचा दृष्टांत. बायका लै हसल्या.' चित्रण बरोबर नऊला सुरू केलेलं. म्हणजे पाचवी फाईल, दुसरं मिनिट. मित्राने ती उघडली, तर महाराज नुकतेच पदर डोक्यावर घेतल्याचा अभिनय करून सासूच्या आवाजात बोलायला लागले होते.