पडदा चोख, तरी चित्र फरफटतं का?

गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो '१ एमएस'. म्हणजे १ मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. पिक्सेलला करड्या रंगाच्या एका छटेतून दुसरीत जायला लागणारा हा वेळ. मोजताना बहुधा बदलाचा सुरुवातीचा आणि शेवटचा थोडा भाग वगळतात, शिवाय मॉनिटरचा 'ओव्हरड्राइव्ह' (पिक्सेल लवकर बदलावा म्हणून त्याला जोर लावणारी सेटिंग) शेवटच्या टोकाला नेलेला असतो. घरी तीच सेटिंग लावली की पळणाऱ्या वस्तूमागे उजळ कडा उमटतात आणि आपण ती मुकाट्याने एक पायरी खाली आणतो. या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही.

पण समजा, पिक्सेल खरंच क्षणात बदलला. तरीही पळणारं चित्र पुसट दिसेल, आणि त्याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. १९२० पिक्सेल रुंद पडदा एखादी गाडी दोन सेकंदांत पार करते, म्हणजे सेकंदाला ९६० पिक्सेल. आपली नजर तिच्यासोबत अखंड सरकत असते. पडदा मात्र ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा असेल, तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी धरून ठेवतो. तेवढ्या वेळात नजर १६ पिक्सेल पुढे गेलेली असते, त्यामुळे स्थिर चित्र डोळ्याच्या पडद्यावर तेवढंच फरफटतं. २४० हर्ट्झला ही फरफट ४ पिक्सेलवर येते. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर हा त्रास जवळजवळ नव्हता, कारण तिथे प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझायचा. ओएलईडीचे, म्हणजे ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो त्या पडद्याचे, पिक्सेल नेहमीच्या एलसीडीपेक्षा कितीतरी झपाट्याने बदलतात, तरी ६० हर्ट्झवर चालवला तर तोही फरफटतो!

म्हणून हर्ट्झ महत्त्वाचे. पण किती? ६० वरून १४४ वर गेलात की प्रत्येक चित्रामागे जवळपास १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर जाताना वाचतात २.८, आणि २४० वरून ३६० वर जाताना जेमतेम १.४. पहिली उडी कुणालाही दिसते. शेवटची व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे नेमबाजीचे गेम ईर्षेने खेळणाऱ्याला कदाचित जाणवेल. बाकीच्यांनी ते पैसे ग्राफिक्स कार्डात, म्हणजे संगणकात ही चित्रं तयार करणाऱ्या भागात, घालावेत.

कार्डाचा विषय निघालाच आहे तर तोही बघू. मॉनिटर १६५ हर्ट्झचा आणि कार्ड सेकंदाला ७० चित्रं काढणारं, तर वरचे हर्ट्झ बरेचसे वाया जातात. शिवाय दोघांचा ताल जुळला नाही की अर्धं जुनं आणि अर्धं नवं चित्र एकाच वेळी दिसतं, मध्ये आडवी चीर पडल्यासारखं. यावर कार्डं बनवणाऱ्या एन्व्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणलं, ज्यात मॉनिटर कार्डाची वाट बघतो. त्यासाठी मॉनिटरमध्ये खास महागडा भाग लागायचा. तिची प्रतिस्पर्धी एएमडी, तिचं फ्रीसिंक मात्र खुल्या मानकावर चालतं, आणि २०१९ पासून एन्व्हिडियाची कार्डंही ते मानक पाळणाऱ्या मॉनिटरांशी जुळवून घेतात. त्यामुळे जी-सिंकच्या नावासाठी जादा पैसे मोजायचं फारसं कारण उरलेलं नाही.

रेझोल्यूशनचं गणितही कार्डालाच भोवतं. फुल एचडी म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३७ लाख, फोरके म्हणजे ८३ लाख, आणि ते सगळे दर चित्राला नव्याने रंगवायचे. ६० सेंटिमीटरवरून निरोगी डोळा साधारण ०.१७ मिलिमीटरचा तपशील वेगळा ओळखतो. २७ इंची फुल एचडीचा पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा, म्हणून अक्षरं दाणेदार दिसतात. तोच पडदा १४४०पीचा असला तर पिक्सेल ०.२३ वर येतो. फुल एचडी घ्यायचाच असेल, तर २४ इंचांच्या पुढे जाऊ नये.

पॅनेलबद्दल, म्हणजे पडद्याच्या प्रकाराबद्दल, थोडक्यात. आयपीएस आणि व्हीए हे दोन्ही एलसीडीचेच प्रकार. आयपीएसचे रंग कोनातूनही टिकतात, पण काळा रंग राखाडीकडे झुकतो. व्हीएचा काळा दाट असतो, मात्र स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या दृश्यांत सावल्या ओघळतात. भुताटकीचे गेम आवडणाऱ्यांनी हे आधी तपासावं. ओएलईडी सगळ्यांत देखणा, पण त्याच पडद्यावर दिवसभर ऑफिसचं काम उघडं राहणार असेल, तर कालांतराने टास्कबारचा ठसा कायमचा उमटू शकतो.

नेमबाजीच खेळायची असेल तर २४ इंची, फुल एचडी, २४० हर्ट्झ. कथेत रमणाऱ्या संथ गेमसाठी, कार्ड दमदार असेल तर फोरके किंवा ओएलईडी. थोडं हे, थोडं ते, वर अभ्यास किंवा कामही, अशांनी २७ इंची, १४४०पी, आयपीएस, १४४ हर्ट्झच्या आसपासचा घ्यावा. घरी जोडल्यावर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे हेच हर्ट्झ, बघा. नवा मॉनिटर पुष्कळदा ६० वरच सुरू होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.