नॉर्डलिंगेन

नॉर्डलिंगेन : जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील, श्वाबियन भागातले एक तटबंदीचे शहर. लोकसंख्या सुमारे 20 हजार. एगर नदीच्या काठी, रीस नावाच्या सपाट, सुपीक खोऱ्यात ते वसले आहे. डोनाउ-रीस जिल्ह्यातील हे सर्वांत मोठे शहर असले, तरी जिल्ह्याचे मुख्यालय डोनाउव्हर्ट येथे आहे. ‘रोमँटिक रोड’ या प्रसिद्ध पर्यटनमार्गावर असूनही बहुतेक परदेशी प्रवासी येथे उतरत नाहीत, कारण त्याच मार्गावर उत्तरेला रोथेनबुर्ग आहे आणि बसगाड्यांची रांग तिकडे लागते. एका दिवसाच्या सहलीसाठी मात्र नॉर्डलिंगेन अधिक सोयीचे आहे. गाव आटोपशीर आहे, रेल्वेस्थानक तटाच्या अगदी जवळ आहे आणि दुकानांत अजून गावकऱ्यांच्या रोजच्या गरजेचा माल मिळतो.

विवर : शहराचे खरे वैशिष्ट्य पायाखाली आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी एक किलोमीटरहून मोठ्या व्यासाचा एक लघुग्रह येथे आदळला. त्यातून सुमारे 25 किमी. व्यासाचे विवर तयार झाले. नैर्ऋत्येला सुमारे 40 किमी.वर श्टाइनहाइम येथे याहून बरेच लहान, सुमारे 3.8 किमी. व्यासाचे विवर आहे. मुख्य लघुग्रहाबरोबर आलेल्या सोबत्याचे ते काम असावे, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. पुढे रीसच्या खळग्यात पाणी साचून मोठे सरोवर झाले, ते गाळाने भरत गेले आणि आजची शेतजमीन तयार झाली.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करायला हवा. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत नॉर्डलिंगेनचा तट जवळजवळ वर्तुळाकार दिसतो आणि ‘हे शहर उल्केच्या खळग्यात बरोब्बर बसवले आहे’ अशी ओळ त्याखाली हमखास छापली जाते. तिला काही अर्थ नाही. तटाच्या आतले गाव जेमतेम एक किलोमीटर रुंद आहे, विवर त्याच्या पंचवीसपट रुंद आहे आणि गाव विवराच्या मध्यावरही नाही. ते मध्यापासून बरेच नैर्ऋत्येला सरकलेले आहे. गावाचा गोल आकार मध्ययुगीन तट बांधणाऱ्यांनी दिलेला आहे.

हे विवर आहे, ही गोष्टही फार उशिरा मान्य झाली. रीसमधला करडा, काचेचे तुकडे मिसळलेला दगड पाहून दीर्घकाळ ही ज्वालामुखीची करामत समजली जात होती. 1904 पासून एखाद-दुसऱ्या अभ्यासकाने उल्कापाताची शक्यता मांडली, पण ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. 1960 मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर येथे आले आणि त्यांनी जवळच्या ओटिंग येथील खाणीतून नमुने नेले. त्यांत त्यांना आणि एडवर्ड चाओ यांना कोएसाइट सापडले. कोएसाइट हे क्वार्ट्झचेच रूप, पण ते तयार व्हायला प्रचंड दाब लागतो. भूपृष्ठाजवळ इतका दाब ज्वालामुखीतून निर्माण होत नाही, तो वरून झालेल्या आघातातूनच येतो. वाद तिथेच मिटला.

मराठी वाचकाला या टप्प्यावर लोणार आठवणे साहजिक आहे, कारण बुलढाणा जिल्ह्यातील त्या सरोवराची कथाही बरीचशी अशीच आहे. दख्खनच्या बेसाल्टमधला तो खळगाही आधी ज्वालामुखीजन्य मानला जात होता आणि त्याचे मूळ उल्कापातात आहे, हे 1970 च्या दशकातील अभ्यासांनी ठामपणे दाखवले. फरक आकाराचा आणि वयाचा आहे. लोणारचा व्यास सुमारे 1.8 किमी. असून ते रीसच्या तुलनेत अगदी तरुण आहे. त्यामुळे लोणारच्या काठावर उभे राहिले की अख्खे विवर एका नजरेत मावते. रीसमध्ये मात्र माणूस विवराच्या आत उभा असतो आणि त्याला ते दिसत नाही, फक्त सपाट शेते दिसतात. त्यासाठी उंचावर जावे लागते आणि गावाने ती सोय पाचशे वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे.

सेंट जॉर्ज चर्च व दानिएल : गावाच्या मध्यभागी असलेले सेंट जॉर्ज चर्च 1427 ते 1505 या काळात बांधले गेले. त्याचा ‘दानिएल’ नावाचा मनोरा सुमारे 90 मी. उंच असून वर जायला 350 पायऱ्या आहेत. शेवटचे जिने लाकडी आणि चिंचोळे आहेत. वरच्या सज्जातून खाली लाल कौलांची दाटी, मग तटाचे कडे, त्यापलीकडे हिरवी-पिवळी शेते दिसतात आणि स्वच्छ दिवस असेल तर सगळ्या बाजूंनी क्षितिजावर झाडीने भरलेल्या टेकड्यांची कड दिसते. ती कड म्हणजे विवराचा काठ. सहलीला आलेल्याने दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल, पण या जिन्याला फाटा देऊ नये.

चर्च ज्या दगडाचे आहे तो सुएव्हाइट, म्हणजे आघातातच जन्मलेला दगड. फुटलेले, वितळलेले खडक उसळून परत खाली पडले आणि थिजले, त्यांचा हा मिश्रखडक. भिंतीजवळ जाऊन पाहिले तर राखाडी-हिरवट अंगात काळपट काचेचे चपटे, वेडेवाकडे गोळे रुतलेले दिसतात. काही गोळे निखळून गेल्याने तिथे भोके पडली आहेत. त्याच दगडात आघाताच्या दाबाने बनलेले अतिसूक्ष्म हिरेही आहेत. त्यावरून ‘हिऱ्यांनी बांधलेले शहर’ अशी जाहिरात केली जाते, पण हे हिरे नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. बांधकामाच्या दृष्टीने हा दगड तसा मऊ. पाऊस आणि थंडी त्याला खातात, म्हणून चर्चच्या कुठल्या ना कुठल्या बाजूला दुरुस्तीची परांची लागलेली असायचीच.

दानिएलवर आजही पहारेकरी असतो. रात्री 10 ते 12 या वेळात दर अर्ध्या तासाने तो वरून ‘झो, क्झेल, झो!’ अशी आरोळी देतो. ‘असं, गड्या, असं!’ एवढाच तिचा अर्थ. तिच्यामागची आख्यायिका 1440 ची आहे. शेजारच्या ओटिंगेनच्या सरदाराने पहारेकऱ्यांना लाच देऊन रात्री ल्योप्सिंगर वेस उघडी ठेवायला लावली. एका बाईला एक डुक्कर वेशीच्या दाराला अंग घासताना दिसले आणि दार हलत असल्याचे तिच्या लक्षात आले. तिने आरडाओरडा केला आणि गाव वाचले. कथेत किती तथ्य आहे हा प्रश्न वेगळा, पण गावात जागोजागी डुकराची चित्रे आणि पुतळे दिसतात ते यामुळे. दिवसाच्या सहलीत ही आरोळी कानावर पडत नाही. तेवढ्यासाठी मुक्काम करणारेही असतात.

इतिहास : गावाचा पहिला लेखी उल्लेख 898 चा आहे. 1215 मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रीडरिख याच्या काळात त्याला शहराचा दर्जा मिळाला. पुढे ते कोणा सरदाराच्या नव्हे, तर थेट सम्राटाच्या अखत्यारीतले मुक्त साम्राज्यनगर झाले आणि 1803 च्या सुमारास बव्हेरियात विलीन होईपर्यंत तसेच राहिले. येथील पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा ख्रिस्ती सण) जत्रेचा उल्लेख 1219 पासून मिळतो. लोकरी कापड आणि कमावलेले कातडे यांच्या व्यापारावर गाव श्रीमंत झाले. एगरच्या काठच्या कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीत आजही उंच घरे उभी आहेत. त्यांच्या माळ्यांना भिंतीऐवजी मोकळे सज्जे आहेत, कारण तिथे कातडी वाळत घालायची असे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीचे पान काळे आहे. 1589 ते 1598 या काळात चेटुकाच्या आरोपाखाली येथे 34 स्त्रिया आणि एक पुरुष यांना ठार करण्यात आले. नगराच्या एका हिशेबनिसाची पत्नी रेबेक्का लेंप हिला 1590 मध्ये जाळण्यात आले. तुरुंगातून तिने नवऱ्याला लिहिलेली पत्रे टिकून आहेत. 1593 मध्ये मारिया होल या खाणावळवालीला पकडले. पन्नासहून अधिक वेळा यातना देऊनही तिने गुन्हा कबूल केला नाही. तिचे माहेर उल्म. त्या नगराने तिच्यासाठी रदबदली केली आणि 1594 मध्ये तिला सोडावे लागले. या प्रकरणानंतर खटल्यांचा जोर ओसरला. तिच्या नावाचे एक कारंजे गावात आहे. येणारे पाहुणे बहुधा त्याच्या कडेला बसून सँडविच खातात.

तीस वर्षांच्या युद्धात (1618–1648) सप्टेंबर 1634 मध्ये गावाजवळच्या टेकड्यांवर मोठी लढाई झाली. गुस्टाव्ह होर्न आणि साक्स-वायमारचा बर्नहार्ड यांचे स्वीडिश-प्रोटेस्टंट सैन्य सम्राटाच्या व स्पेनच्या संयुक्त सैन्यापुढे पार मोडले. होर्न कैद झाला. दक्षिण जर्मनीतले स्वीडनचे वर्चस्व संपले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्स युद्धात उघडपणे उतरला. वेढा पडलेल्या नॉर्डलिंगेनला शरण जावे लागले. युद्ध आणि रोगराई यांतून गाव पुन्हा पूर्वीसारखे सावरलेच नाही आणि व्यापारही दुसऱ्या वाटांनी गेला. जुने पाडून नवे बांधायला पैसाच उरला नाही. आज जे जपलेले मध्ययुगीन नगर म्हणून कौतुकाने पाहिले जाते, त्यात जपणुकीपेक्षा गरिबीचा वाटा मोठा आहे.

तट : 1327 मध्ये सम्राट लुडविग बव्हेरियन याच्या आज्ञेने गाव वाढवून नवा तट घालायला सुरुवात झाली. त्याची लांबी सुमारे 2.7 किमी. वरचा पहाऱ्याचा मार्ग छपराने झाकलेला असून पूर्ण फेरी वरूनच घालता येते. जर्मनीत असा अखंड तट दुसरीकडे नाही. फेरीला तासभर पुरतो आणि तिकीट लागत नाही. बाल्डिंगर, ल्योप्सिंगर, डाइनिंगर, राइमलिंगर आणि बेर्गर अशा पाच वेशी आहेत. पाऊस पडत असेल तर ही फेरी आधी करावी, छपराखाली भिजायला होत नाही. एका बाजूला तोफा ठेवायच्या झरोक्यांतून खंदक दिसतो, तर दुसऱ्या बाजूला लोकांची परसे, वाळत घातलेले कपडे आणि तटालाच टेकून बांधलेली बुटकी घरे. 1215 नंतरचा पहिला, लहान तट केव्हाच गेला, पण त्याची रेषा आतल्या वळणदार रस्त्यांवरून नकाशात ओळखू येते.

नगरसभागृहाच्या इमारतीला 1618 चा दगडी जिना आहे. त्याच्या पायथ्याशी जुनी कोठडी असून तिच्या दाराशी विदूषक कोरलेला आहे. शेजारी अक्षरे आहेत : ‘आता आपण दोघे झालो’. म्हणजे एक विदूषक दगडातला आणि दुसरा वाचणारा. नगरपालिकेच्या जिन्याखाली नागरिकांची अशी थट्टा चारशे वर्षे खपून जाते, हे विशेष.

संग्रहालये : 1503 च्या एका कोठारात 1990 मध्ये सुरू झालेले रीस विवर संग्रहालय सर्वांत महत्त्वाचे. येथे अपोलो 16 मोहिमेने आणलेला चंद्रावरील खडक ठेवला आहे. तो येथे येण्याचे कारण असे, की ऑगस्ट 1970 मध्ये अॅलन शेपर्ड, एडगर मिचेल, यूजीन सर्नन आणि जो एंगल हे अंतराळवीर रीसमध्ये येऊन खाणींतून खडक ओळखायला शिकले. शेपर्ड आणि मिचेल पुढच्याच वर्षी अपोलो 14 मधून चंद्रावर उतरले. संग्रहालय सोमवारी बंद असते. 2022 पासून रीसचा प्रदेश युनेस्कोचा जागतिक भूउद्यान आहे. रेल्वेस्थानकाजवळ वाफेच्या इंजिनांचे बव्हेरियन रेल्वे संग्रहालयही आहे. फुटबॉलपटू गेर्ड म्युलर याचा जन्म 1945 मध्ये याच गावातला आणि येथील मैदानाला त्याचे नाव आहे.

प्रवास : म्युनिक किंवा आउग्सबुर्गहून डोनाउव्हर्टला गाडी बदलून येता येते, तिथून पुढे सुमारे अर्धा तास. बव्हेरियापुरते दिवसभराचे ‘बायर्न तिकीट’ येथपर्यंत चालते, पण आठवड्याच्या कामाच्या दिवशी ते सकाळी 9 नंतरच लागू होते. वाटेत हारबुर्गचा किल्ला लागतो. लवकर निघालेल्याला तोही जमतो. गावाच्या नैर्ऋत्येला ओफनेट गुहा आहेत. तेथे 1908 मध्ये मध्याश्मयुगीन माणसांच्या तीसहून अधिक कवट्या, घरट्यात ठेवाव्यात तशा एकत्र ठेवलेल्या सापडल्या. पेंटेकॉस्टनंतरची जत्रा आजही दरवर्षी भरते. त्या दिवसांत गावात गर्दी असते आणि राहण्याची सोय आधी करून ठेवलेली बरी.