स्पॅम गाळण

स्पॅम गाळण : मागणी किंवा संमती नसताना घाऊक प्रमाणात पाठविलेले ईमेल ओळखून ते प्राप्तकर्त्याच्या इनबॉक्सपर्यंत पोहोचू न देण्याची व्यवस्था. बनावट औषधांच्या जाहिराती, लॉटरी लागल्याच्या थापा, बँकेचे नाव सांगून पासवर्ड काढून घेण्याचे प्रयत्न असे नाना प्रकार स्पॅममध्ये मोडतात. आपण स्वतःच कधीकाळी नोंदणी केलेल्या दुकानाकडून रोज येणारी जाहिरातपत्रे काटेकोर अर्थाने स्पॅम नव्हेत, कारण त्यांना संमतीचा आधार असतो. व्यवहारात मात्र दोन्हींची सर्रास गल्लत होते आणि ती गाळणीच्या कामात आडवी येते.

घाऊक जाहिरातीचा पहिला नोंदला गेलेला ईमेल ३ मे १९७८ रोजी गेला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीचे विपणन अधिकारी गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वीच्या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम धाडले. तक्रारी झाल्या, समज देण्यात आली, पण असा संदेश अडविणारी कोणतीही तांत्रिक तरतूद तेव्हा नव्हती. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या एसएमटीपी या संदेशवहनाच्या नियमावलीतही ती आली नाही. पोस्टाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसे या नियमावलीत पाठविणाऱ्याने सांगितलेला पत्ता पडताळणीविना स्वीकारला जातो. एकमेकांना ओळखणाऱ्या मोजक्या संशोधकांच्या जाळ्यासाठी ते पुरेसे होते. पुढे आलेले बहुतेक उपाय हे या एका उणिवेला घातलेली ठिगळे आहेत.

सुरुवातीचे उपाय पाठविणाऱ्या संगणकाकडे पाहणारे होते. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ च्या सुमारास कुख्यात आयपी पत्त्यांची (इंटरनेटवरील संगणकांच्या क्रमांकांची) काळी यादी सुरू केली, तर १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस प्रकल्प उभारला. यादी तपासण्याची युक्ती सुटसुटीत आहे. १९२.०.२.५ या पत्त्यावरून जोडणी आली, तर प्राप्तकर्ता सर्व्हर ते आकडे उलटे करून ५.२.०.१९२ असे नाव यादीच्या डोमेनला (इंटरनेटवरील नावाला) जोडतो आणि त्याबद्दल डीएनएसकडे, म्हणजे अशा नावांची माहिती देणाऱ्या यंत्रणेकडे, विचारणा करतो. १२७.०.०.२ यासारखे उत्तर आले की पत्ता यादीत आहे असे समजावे. उत्तरच नसेल, तर संदेश पुढे जाऊ द्यावा. २००३ मध्ये पुढे आलेल्या करड्या यादीची रीत याहून मजेशीर आहे : अनोळखी सर्व्हरला ‘सध्या अडचण आहे, नंतर या’ असे सांगून परत पाठवायचे. रीतसर सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो, घाईत लाखो संदेश ओतणारा सहसा येत नाही. ही वाहतूक किती थोड्या ठिकाणांहून चालविली जात होती, ते नोव्हेंबर २००८ मध्ये दिसले. कॅलिफोर्नियातील मॅककोलो या होस्टिंग (इतरांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या) कंपनीची इंटरनेट जोडणी तोडताच जगभरातील स्पॅमचे प्रमाण एकाएकी घसरले. अर्थात स्पॅम पाठविणाऱ्यांनी पुढील काही महिन्यांत दुसरे आसरे शोधले.

संदेशाचा मजकूर तपासणाऱ्या गाळण्या आधी हाताने लिहिलेल्या नियमांवर चालत. अमुक शब्द आला की इतके गुण, ठरावीक बेरीज झाली की स्पॅम, अशी ती पद्धत होती. २००१ मध्ये आलेल्या स्पॅमअसॅसिन या मुक्त प्रणालीने ती रुळविली. ऑगस्ट २००२ मध्ये प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांनी एका लेखात नियम लिहिण्याऐवजी वापरकर्त्याच्या स्वतःच्या टपालातून शब्दांच्या संभाव्यता काढण्याची रीत लोकप्रिय केली. पुराव्यावरून शक्यता ठरविणाऱ्या बेझच्या प्रमेयावर आधारलेले असे संशोधन १९९८ मध्येही झाले होते. एखादा शब्द हजार स्पॅम संदेशांपैकी शंभरांत आणि हजार चांगल्या संदेशांपैकी एकातच आढळत असेल, तर त्याचा कौल स्पॅमच्या बाजूने जड पडतो. अशा ठळक शब्दांचे कौल एकत्र करून निकाल लावायचा. यात माणसाला सुचणार नाहीत अशा खुणाही सापडतात. भडक लाल रंगासाठी एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत लिहिला जाणारा ‘एफएफ००००’ हा संकेत अश्लील शब्दांइतकाच खात्रीचा पुरावा असल्याचे ग्रॅहम यांना आढळले. चांगला संदेश चुकून गळू नये म्हणून चांगल्या टपालातील शब्दांची गणती ते दुप्पट धरीत. ही सावधगिरी सर्वच गाळण्यांच्या मुळाशी आहे, कारण एक जाहिरात सुटली तर ती खोडता येते, पण नोकरीचे पत्र स्पॅममध्ये अडकले तर त्याचा पत्ताही लागत नाही. जीमेलमध्ये तर स्पॅम फोल्डरमधील संदेश ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात.

प्रेषकाची ओळख पटविण्याच्या तीन पद्धती पुढच्या दशकात प्रमाणित झाल्या. एसपीएफमध्ये डोमेनचा मालक आपल्या वतीने कोणते सर्व्हर टपाल पाठवू शकतात ते डीएनएसमध्ये जाहीर करतो. डीकेआयएममध्ये संदेशावर सांकेतिक सही केली जाते. या दोन्हींत उत्तीर्ण न झालेल्या संदेशाचे काय करावे, म्हणजे तसाच जाऊ द्यावा, बाजूला ठेवावा की नाकारावा, हे डीमार्कमधून सांगता येते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक प्रेषकांवर या तिन्हींची सक्ती केली; गूगलच्या लेखी जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० वा अधिक संदेश पाठविणारा तो घाऊक प्रेषक. जाहिरातपत्रांत एका क्लिकने नोंदणी रद्द करण्याची सोय आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राखणे याही अटी आहेत. तथापि ओळख पटणे म्हणजे सचोटी सिद्ध होणे नव्हे. नवे डोमेन विकत घेऊन तिन्ही कसोट्यांना उतरणारा भामटा मुळीच दुर्मीळ नाही.

वापरकर्त्याच्या हाती उरते ते थोडे, पण उपयोगी आहे. ओळखीच्या व्यापाऱ्याचा त्रास ‘अनसबस्क्राइब’ने थांबवावा. अशा ठिकाणी स्पॅमचे बटण दाबले, तर ती पत्रे ज्यांना हवी आहेत त्यांच्या इनबॉक्सपासूनही ती दुरावण्याचा धोका असतो. अनोळखी स्पॅममधील ‘अनसबस्क्राइब’वर मात्र क्लिक करू नये, कारण त्यामुळे आपला पत्ता चालू असल्याची खात्री समोरच्याला होते. संदेशातील अदृश्य चित्रही उघडताच तेच काम करते, म्हणून बाहेरची चित्रे आपोआप दिसण्याची सोय बंद ठेवावी. एखादा पत्ता ब्लॉक करणे बनावट पत्त्यांपुढे फारसे कामाचे नाही. नोंदणी करताना आपल्या जीमेल नावानंतर, @ च्या आधी, अधिकचिन्ह आणि त्या दुकानाचे नाव जोडले, तर टपाल आपल्यालाच मिळते, पत्ता कोणाकडून फुटला ते कळते आणि तेवढ्याच टपालासाठी वेगळा फिल्टर लावता येतो.

कायद्याचे चित्र देशोदेशी वेगळे आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार व्यक्तींना जाहिरात पाठविण्यापूर्वी साधारणतः संमती लागते. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यात आधी संमतीची अट नाही, नकार मात्र कामकाजाच्या दहा दिवसांत पाळावा लागतो. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रास देण्यासाठी वा उगम लपवून पाठविलेल्या ईमेलचा उल्लेख होता. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते संपूर्ण कलम रद्द केले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम व्यापारी कॉल आणि एसएमएस यांच्यापुरते असल्याने १९०९ या क्रमांकावर केलेली डीएनडी नोंदणी ईमेलला लागू होत नाही.