कॅडमियम: जस्तामागून येणारा विषारी धातू

कॅडमियमसाठी म्हणून खाण कुणी खणत नाही. ग्रीनोकाइट हे त्याचे स्वतःचे खनिज आहे खरे, पण ते जस्ताच्या खनिजावर पिवळ्या पुटासारखे दिसते. तेवढ्यावर कारखाना चालत नाही. जुन्या बॅटऱ्यांतून परत मिळवलेला माल सोडला, तर बाजारातले जवळजवळ सगळे कॅडमियम जस्ताच्या शुद्धीकरणातून निघते, टनामागे साधारण तीन किलो. मागणी असो वा नसो, जस्त काढले की ते येणारच.

शोधही जस्तामुळेच लागला. १८१७ साली जर्मनीत औषधदुकानांची तपासणी करताना फ्रीडरिश श्ट्रोमायर यांना औषधी झिंक कार्बोनेट तापवल्यावर पिवळट पडताना दिसले. लोहाची भेसळ असावी असा पहिला संशय, पण लोह सापडेना. रंग नव्या धातूच्या ऑक्साइडचा निघाला.

जुन्या ऊर्ध्वपातन भट्ट्यांत वेगळे करणे सोपे होते. जस्त ९०७ अंशांना उकळते, कॅडमियम ७६७ अंशांना. त्यामुळे सुरुवातीला जमणारी तपकिरी धूळ कॅडमियमने भरलेली असे. वरच्या सायलेशियातले (आजच्या पोलंडमधला खाणींचा भाग) कारखाने हीच धूळ पुन्हा भट्टीत घालत. आज बहुतेक जस्त विद्युत-विघटनाने निघते. भाजलेले खनिज गंधकाम्लात विरघळवून त्या द्रावणात जस्ताची पूड टाकतात. जस्त विरघळते आणि कॅडमियम गाळ होऊन बसते. ही पायरी वाटते तितकी सरळ नाही. द्रावण फार गरम राहिले किंवा गाळ वेळेत गाळून काढला नाही, तर कॅडमियम परत विरघळते आणि पुढे ऋणाग्रावर (जिथे जस्त जमते त्या विजेच्या ऋण टोकावर) जस्तासोबत बसून माल बिघडवते. गाळ आम्लात विरघळवून पुन्हा जस्ताच्या पुडीने स्पंजासारखे कॅडमियम मिळवतात. त्या गाळात आर्सेनिक राहिले असेल तर आम्ल पडताच आर्साइन हा आर्सेनिकचा अतिविषारी वायू सुटतो, आणि कामगाराच्या जिवावर बेतते ते इथे.

सुरुवातीला या धातूचा उपयोग रंगापुरता होता: कॅडमियम सल्फाइडचा पक्का पिवळा, सेलेनियम मिसळले की नारिंगी ते लाल. १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियम बॅटरी बनवली. मग पोलादावरचा मुलामा आला, विमानांच्या बोल्टांवर तर हमखास. मुलामा देताना उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरतो. म्हणून तो भाग लगेच सुमारे १९० अंशांवर कित्येक तास भाजावा लागतो. टाळाटाळ केली तर बोल्ट भाराखाली, काही इशारा न देता तुटतो.

विषबाधेचे रूप फसवे असते. कॅडमियमयुक्त चांदीच्या डाकाने जोडकाम करताना धूर छातीत गेला तरी त्या वेळी फारसे जाणवत नाही. काही तासांनी ताप, धाप, आणि मग फुप्फुसांत पाणी. थोड्या-थोड्या मात्रेने गेलेले मूत्रपिंडात साठते व दहा-वीस वर्षे तिथेच राहते. जपानच्या जिंत्सू नदीकाठी कामिओका खाणीच्या सांडपाण्याने भातशेती दूषित झाली, तिथल्या लोकांची हाडे ठिसूळ झाली. १९६८ मध्ये सरकारने या इताई-इताई आजाराचे मूळ कॅडमियम असल्याचे मान्य केले. युरोपीय संघाच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या नियमात शिशाला ०.१ टक्के मुभा आहे, कॅडमियमला ०.०१.

बॅटरीतली जागा आता बरीचशी लिथियमने घेतली आहे. सौर पट्ट्यांतला कॅडमियम टेल्युराइडचा थर काही मायक्रॉनचाच असतो. ग्राहक नसेल तेव्हाही जस्ताच्या टाकीत गाळ साचतोच, आणि तो सिमेंटसारख्या द्रव्यात बांधून धोकादायक कचऱ्याच्या जागेत पुरण्याचा खर्च जस्ताच्याच हिशोबात धरावा लागतो.